धानाच्या कट्ट्यांत उभा पियानो

मला पियानो शिकवणाऱ्या मिसचा मेल आला तेव्हा मी नागपूरच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये तिसऱ्या तासाची वाट पाहत बसले होते. मेल चार ओळींचा होता. त्या पुण्याचा फ्लॅट सोडून गोव्याला बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. बहिणीच्या घराचा जिना अरुंद होता, पियानो तिथं चढणार नव्हता. तुला हवा असेल तर तुझा, महिनाअखेरीपर्यंत न्यावा लागेल. आणि खाली सुटी एक ओळ: एका हॉटेलनंही विचारलं आहे, पण ते त्याच्यावर फुलदाण्या ठेवतील.

एरवी कुठल्याही मेसेजला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागतात. आधी मनात लिहिते, मग खोडते, तोवर विषयच संपलेला असतो. त्या दिवशी तासाची घंटा व्हायच्या आत मी ‘हो’ कळवून टाकलं. तो पियानो मला आतून-बाहेरून ठाऊक होता. सहावी ते दहावी मी वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले, आणि त्या पाच वर्षांत माझा सगळ्यात जास्त वेळ मिसच्या खोलीतल्या त्या पियानोच्या बाकावर गेला. मिसशी मी खूप बोलायचे असं नाही. त्या बाकावर बसलं की कुणी बोलण्याची अपेक्षा करत नसे, एवढंच.

घरी त्याच आठवड्याच्या शेवटी सांगितलं. आमचं गाव नागपूर-रायपूर हायवेवरच्या शहापूरहून चार किलोमीटर आत, कालव्याच्या पलीकडे. बाबा बँकेत होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि मीही बँकेत जावं अशी त्यांची सरळ इच्छा होती. माझं ठरलेलं वेगळं होतं. नागपूरची नोकरी सोडायची, समोरच्या खोलीत पियानो ठेवायचा आणि जानेवारीपासून घरी क्लास सुरू करायचा. शहापूरच्या दोन घरी मी रविवारी शिकवायला जातच होते, आणखी चार घरांनी विचारलं होतं. कीबोर्ड त्यातल्या प्रत्येकाकडे होता. चार किलोमीटर आत मुलांना पाठवायचं कारण पियानो हेच होतं. तो नसता तर क्लासही नसता.

“शिकाले कोन येईन येथी?” बाबांनी विचारलं.

“सहा जण येतील.”

“अन् ते पुन्याहून येता येता मोडलं तं?”

“मोडणार नाही.”

“मोडलं तं?”

“तर बँकेचा फॉर्म भरीन.”

“पाहजो हं,” बाबा म्हणाले. “मंग तेव्हा तोंड पाडून बसाचं नाई.”

मी मान हलवली. आमच्या घरी करार असेच होतात. पण मी ते वाक्य हलकं बोलले नव्हते आणि बाबांनीही ते हलकं घेतलं नव्हतं. मोडलेला पियानो दुरुस्त करणारं आमच्याकडे कुणी नाही. नागपुरात एक वयस्क ट्यूनर आहेत. ते तारा ताणून सूर लावून देतात, पण आतलं लाकूड सुटलं असेल तर लांबूनच हात जोडतात.

नोकरीचा राजीनामा मी दुसऱ्या दिवशी दिला.

मग फोन सुरू झाले. मला फोनवर बोलणं जमत नाही म्हणून मी वाक्यं आधी वहीत लिहून काढत असे, पुण्याच्या पॅकर्ससाठी हिंदीत, मिससाठी इंग्रजीत. वहीतलं पहिलं वाक्य वाचून होईपर्यंत समोरचा माणूस तिसऱ्या वाक्याचं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. तरी माझं काम अडलं नाही. ज्या माणसाला नेमकं काय हवंय ते माहीत असतं त्याला फार बोलावं लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वजन किती, लांबी-रुंदी-उंची किती, पेटी कशाची, वर काय लिहायचं, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कुणाच्या नावानं, सगळं माझ्याकडे लिहून तयार होतं. आमच्या दाराची चौकट मी तीनदा मोजली होती.

पुण्यात मिसच्या ट्यूनरनी शेवटचा एकदा पियानो उघडून पाहिला आणि मला स्वतःहून फोन केला.

“एकच सांगतो,” ते म्हणाले. “उभाच न्यायचा. आत अठ्ठ्याऐंशी हातोड्या आहेत, एकेकीचा दांडा पेन्सिलीपेक्षा बारीक. जुन्या सरसानं चिकटवलेले सांधे आहेत सगळे, वाळून खडंग झालेत. उभा असला तर त्यांच्यावर काही भार नाही. पाठीवर झोपवलात तर खोकं पोचेल तुमच्याकडे, पियानो पोचणार नाही.”

मी हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आतले फोटोही पाठवले. हातोड्यांची ती रांग मी फोनवर मोठी करून कितीतरी वेळ पाहत होते.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी पियानो रायपूरला जाणाऱ्या मोठ्या ट्रकमध्ये बसवला. घरपोच लिहिलं होतं, पण ट्रक निघाल्यावर फोन आला.

“मैडम, चौदा चक्का है. आपके गाँव में गया तो वापस कैसे मुडेगा? शहापूर में हाइवे पे उतार लो.”

ते खरंच होतं. कालव्याच्या पुलावरून चौदा चाकांची गाडी गेलीच नसती. म्हणजे साडेसातशे किलोमीटरची जबाबदारी त्यांची आणि शेवटच्या चारची माझी.

त्या चार किलोमीटरसाठी मोठेबाबा होते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. शेती ते पाहतात, ट्रॅक्टर त्यांचा, आणि गावात कुणाचंही काही जड हलवायचं असलं की आधी त्यांनाच बोलावतात. मी त्यांच्या अंगणात जाऊन सगळं सांगितलं. पियानो किती नाजूक आहे, तो कसा ठेवायचा, का ठेवायचा. माझं बोलणं जरा पुस्तकी होतं, ते मलाही ऐकू येतं. मोठेबाबा खाटेवर बसून ऐकत होते.

“उभाच न्यायचा, मोठेबाबा.”

“हव.”

“झोपवायचा नाही.”

“हव ना बाई.”

मी समाधानानं घरी आले. खरं तर लहानपणापासून पाहत आले होते की आमच्याकडे मोठा माणूस पुतणीला ‘हव’ म्हणतो तेव्हा त्यानं ऐकलं एवढाच त्याचा अर्थ असतो. काय करायचं ते त्याचं त्याला माहीत असतं, त्यासाठी तुमची गरज नसते. वाद घालून लेकराचं मन कशाला मोडायचं, म्हणून ‘हव’. हे ठाऊक असून मी विसरले. चूक माझी होती.

ट्रक सकाळी अकराला आला. कापणी-मळणी आटोपली होती, शहापूरच्या धान खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेच्या पुढं शंभर पावलांवर, चहाच्या टपरीच्या बाजूला, तो ट्रक उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं हात वर करून आळस दिला आणि मला म्हणाला, “आधा घंटा, मैडम.” मागचं फाळकं पडलं. आत सगळ्यात शेवटी प्लायवूडची पेटी उभी होती, तिच्यावर वरच्या दिशेनं लाल बाण. एकही कोपरा चेपलेला नव्हता. मी मोबाइलवर फोटो काढून मिसना पाठवला.

मग मोठेबाबांची ट्रॉली आली. सोबत राइस मिलचे चार हमाल, त्यांचा मुकादम पुढं बसलेला. ट्रॉलीत गुडघाभर तणीस अंथरलेलं होतं, धानाचा नवा पेंढा, पिवळाधमक, आणि त्यावर मोठीआईच्या, म्हणजे माझ्या काकूच्या, दोन गोधड्या नीट पसरलेल्या. बिछाना घातला होता म्हणा ना. ते पाहिलं आणि मी ट्रॉलीपाशी गेले.

“मोठेबाबा, हे तणीस कायले?”

“कायले म्हंजे? झोपवाले.”

“मी सांगितलं होतं ना, उभा न्यायचा.”

“सांगतलं ना. आयकलं ना म्या.” ते ट्रॉलीवरून उतरत होते. “उभं करून नेतो अन् कालव्याच्या चढावर पाडून देतो, मंग? बाई, या ट्रॉलीत म्या तुह्या आत्याची आलमारी नेली, तुह्या ताईची नेली, अख्ख्या गावच्या पोरींच्या आलमाऱ्या नेल्या. पवनीपर्यंत नेल्या. एकीलेबी खरोच नाई.”

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे मुलीच्या लग्नात लोखंडी आलमारी देतात आणि ती वरातीच्या मागं ट्रॉलीत तणसावर आडवी जाते, आरसा आभाळाकडे करून. उभी आलमारी नेणाऱ्या माणसाला अडाणी समजतात. मोठेबाबांनी माझं बोलणं टाळलं नव्हतं. त्यांनी त्यातली चूक त्यांच्या परीनं दुरुस्त केली होती. गोधड्या तर त्यांनी खास माझ्यासाठी आणल्या होत्या.

हमालांनी पेटीला हात घातला. दोघं ट्रकवर चढले होते, एकानं पाठीमागून दोर टाकला.

“थांबा,” मी म्हणाले.

ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढले, तणसात घोट्यापर्यंत रुतले आणि पेटी जिथं आडवी होणार होती तिथं उभी राहिले.

“थांबा! झोपवाचा नाई म्हणजे नाई.”

आता ऐकू गेलं. टपरीवरच्यांनाही गेलं. रांगेतले चार-पाच जण उतरून पाहायला आले. मोठेबाबा खालून माझ्याकडे पाहत होते. चारचौघांत त्यांना कुणी नाही म्हटल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणणारी मी असेन हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

“मंग तूच ने डोक्यावर,” ते म्हणाले.

टपरीवर हसू झालं. माझे कान तापले, पण मी खाली उतरले नाही. उतरले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. मला त्या क्षणी बँकेच्या फॉर्मवरच्या फोटोचा चौकोनसुद्धा दिसत होता.

“मैडम,” ड्रायव्हर घड्याळावर बोट ठेवून म्हणाला, “आधा घंटा बोला था.”

“भैया, पुणे से यहाँ तक आप इसे खडा लाए,” मी म्हणाले. हे वाक्य वहीत नव्हतं. “अब चार किलोमीटर के लिए सुला दें?”

ड्रायव्हरनं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा तणसाच्या गादीकडे, आणि तो हसायला लागला. “बात तो सही है, चाचा,” तो मोठेबाबांना म्हणाला. “मैंने ब्रेक मार मार के संभाला है इसको.” आणि त्यानं चहा सांगितला. म्हणजे थोडा वेळ मिळाला.

मुकादम ट्रॅक्टरवरून उतरला. साठीचा, बारीक अंगाचा माणूस, खांद्यावर पोत्याची घडी. तो ट्रॉलीपाशी आला.

“आत काय हाय वो असं?”

मी फोन काढून हातोड्यांचा फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला. पुस्तकातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, “एवढाले बारीक लाकडी दांडे आहेत, अठ्ठ्याऐंशी. नुसते टेकून उभे असतात. झोपवलं की सगळे भलतीकडं लटकतील आणि तुटतील.”

त्यानं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग मोठेबाबांकडे वळला.

“भाऊ, हे तं मिलातल्या चाळनीवानी हाय गा. मागं शेठनं नवी चाळनी झोपवून आनली होती, आठवते का? सहा महिने एकाच बाजूनं कोंडा टाके.”

“ते लोखंडाची होती,” मोठेबाबा म्हणाले.

“अन् हे लाकडाचं हाय. मंग तं अजूनच.”

“तुले समजते पियानो?”

“पियानो नाई समजत. चाळनी समजते.”

मोठेबाबा ट्रॉलीच्या कडेला टेकून तणसाची एक काडी दोन बोटांत मोडत राहिले. मला वाटलं आता निघून जातील. पण ते बोलले तेव्हा आवाज कामाचा होता.

“समजा उभं ठेवलं. धराचं कशानं?”

“दोरानं,” मी म्हणाले.

“दोर एका गचक्यात ढिला होते. कालव्याच्या चढावर ट्रॉली मागं ओढते, उतारावर पुढं ढकलते. चार मानसं धरतीन तं मानसंच दबतीन. सांग, कशानं धराचं?”

माझ्या यादीत पियानोचं सगळं होतं आणि रस्त्याचं काहीच नव्हतं. मी कालव्याचा तो पूल हजारदा ओलांडला होता, पण बसमधून किंवा बाबांच्या गाडीवर. वजन घेऊन तो कसा लागतो हे मोठेबाबांना माहीत होतं. मी खरं तेच बोलले.

“मला नाही माहीत.”

मला वाटतं त्यांना हेच हवं होतं. माघार नव्हे, पण त्यांच्यासाठी काहीतरी शिल्लक. त्यांनी मान वळवून खरेदी केंद्राच्या रांगेकडे पाहिलं. रांगेत पुढून सातवी ट्रॉलीही त्यांचीच होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडून त्यांनी ती आदल्या दिवशीच आणून लावली होती, वर धानाचे कट्टे, तोंडं शिवलेली भरलेली पोती.

“आना ती ट्रॉली इकडं,” ते मुकादमाला म्हणाले.

“भाऊ, नंबर जाईन ना.”

“जाईन तं जाईन. धान काय पळून चाललं?”

“मोठेबाबा, नको,” मी म्हणाले. “दुसरं काहीतरी करू.”

“तू उतर आता तेथून,” ते माझ्यावर खेकसले. “तणीस काढू दे. तुह्या पियानोचं काही झालं तं सारं गाव माहं नाव घेईन, तुहं नाई.”

मी उतरले. त्या पुढचा पाऊण तास मी फक्त पाहत होते, आणि इतकं चांगलं काम मी फार कमी वेळा पाहिलं आहे. हमालांनी तणीस खाली ओढून टाकलं. गोधड्या घडी करून टपरीच्या बाकावर ठेवल्या. मोकळी ट्रॉली मागं घेऊन ट्रकच्या पाठीला पाठ लावली. ट्रकचा तळ ट्रॉलीपेक्षा दीड हात उंच होता, तेवढी उंची त्यांनी कट्टे रचून भरून काढली. चाळीस किलोचा कट्टा एकेका माणसाच्या पाठीवरून येऊन असा बसत होता की मध्ये बोट शिरू नये. मग फळ्या टाकल्या आणि पेटी सरकवली. मुकादम स्वतः हात लावत नव्हता. बाजूला उभा राहून फक्त “हां” म्हणायचा, आणि प्रत्येक “हां”ला पेटी एक वीत पुढं यायची. त्यानं “हां” म्हटलं नाही तोवर कुणी दम लावला नाही.

पेटी कट्ट्यांवर आली. मग खालचे कट्टे, एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असे काढत काढत तिला खाली उतरवली. शेवटचा थर तसाच ठेवला. “धक्का हे खाईन,” मोठेबाबा म्हणाले. मग चारी बाजूंनी कट्ट्यांच्या भिंती उठल्या, विटांसारखे सांधे चुकवून रचलेल्या, पेटीच्या खांद्यापर्यंत. मोठेबाबांनी वर चढून पेटीला दोन्ही हातांनी जोर लावला. हलली नाही. मुकादमानं लावला. नाही. ड्रायव्हरसुद्धा चहाचा ग्लास ठेवून चढला आणि जोर लावून पाहिला.

“अब तो आप रायपूर भी ले जाओ,” तो म्हणाला. त्यानं बिल्टीवर माझी सही घेतली आणि निघून गेला. त्याचा अर्धा तास कधीच उलटून गेला होता.

मी कट्ट्यांवर बसून गेले. मोठेबाबा म्हणाले होते पुढं बस, पण मला पेटीजवळ राहायचं होतं. ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं जात होता. रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा.

“काय हाय वो एवढं कट्ट्याइत?” कालव्यावर कपडे धूत असलेल्या एका बाईनं विचारलं.

“नवरदेव हाय,” मागं बसलेला हमाल म्हणाला.

“मंग नवरी वर काहून बसली?”

“नवरदेव पळून जाईन म्हनून!”

मला हसू आलं. मी कधी अशा बोलण्यात उत्तर देत नाही, त्या दिवशीही दिलं नाही, पण मान खाली घातली नाही. चढ आला. ट्रॉली मागं ओढली गेली, मोठेबाबांनी सांगितलं होतं तशीच, आणि माझ्याखालचे कट्टे एकमेकांवर घट्ट दाबले गेले. मी तळहात पेटीला लावून ठेवला होता. आतून काही आवाज आला नाही. उतारावर सगळं वजन पुढं आलं आणि पुढच्या भिंतीनं ते झेललं. मग सपाट रस्ता, मग आमची गल्ली.

घरी आईनं समोरची खोली रिकामी करून फरशी पुसून ठेवली होती. बाबा दारात उभे. कट्ट्यांचा उतार ओट्यापर्यंत रचून पेटी खाली घेतली, अंगणातच पॅकिंग उघडलं, ब्लँकेट काढलं. काळा, जुना, कडांना पॉलिश उडालेला पियानो आमच्या ओट्यावर उभा राहिला. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“चाकं पुसून घ्या त्याचे,” ती हमालांना म्हणाली. “आत्ताच पोछा मारला म्या.”

मुकादमानं खरंच खांद्यावरचं पोतं काढून पितळी चाकं पुसली.

तो भिंतीला लागला तेव्हा खोलीत दहा-बारा माणसं झाली होती. हमाल, शेजारी, मोठीआई. मोठेबाबा खुर्चीत बसले होते. बाबा मात्र स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आले नव्हते. मी झाकण उघडलं, उभ्यानंच, आणि डावीकडच्या टोकापासून एकेक पट्टी दाबायला सुरुवात केली. गाणं नाही, सूर लावून पाहणं नाही, फक्त एकेक पट्टी. प्रत्येक पट्टीमागं एक हातोडी होती. जी वाजणार नाही ती मोडली.

पहिल्या दहा. वीस. एवढ्या माणसांसमोर मी आजवर परीक्षेतसुद्धा वाजवलं नव्हतं, पण मला त्यांची आठवण नव्हती, मी पुढच्या पट्टीची वाट पाहत होते. मधल्या भागात एक पट्टी वाजली आणि खालीच राहिली. मोठेबाबा खुर्चीत पुढं सरकले. बाबांनी दाराची चौकट धरली.

“मोडली?” मोठेबाबांनी विचारलं.

“नाही. ही शाळेपासूनच आळशी आहे.” मी बोट तिच्या कडेला लावून ती वर घेतली. “थंडीत असंच करते.”

पुन्हा पुढं. सत्तर. ऐंशी. शेवटच्या काही पट्ट्यांचा आवाज अगदी बारीक, चमचा कपाला लागावा तसा. अठ्ठ्याऐंशीवी वाजली आणि मी हात काढला.

“सगळ्या आहेत,” मी म्हणाले.

मुकादमानं “हां” म्हटलं, आणि हमाल हसले.

“आता एखादं गानं वाजव,” मोठेबाबा म्हणाले.

“आज नाही. प्रवासानं सूर उतरलेत. तीन आठवडे त्याला या हवेत राहू द्यायचं, मग नागपूरचे ट्यूनर येतील, मग.”

“वा! नंबर गेला माहा, अन् गानंबी नाई?”

“तुमचा नंबर वाया जाणार नाही. पहिलं गाणं तुमच्यासमोर वाजवीन.”

“हव,” ते म्हणाले, आणि उठून आपले कट्टे भरायला गेले. या वेळचा ‘हव’ कसला होता ते मला सांगता येणार नाही. पण जाताना त्यांनी पियानोला पुन्हा एकदा हातानं जोर लावून पाहिला.

संध्याकाळी घर रिकामं झालं. मी मिसना अठ्ठ्याऐंशी एवढा एकच आकडा पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं होतं, ते फक्त माझ्यासाठी होतं. बाबा समोरच्या खोलीत येऊन बसले. पियानोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे, मग त्या दोघांमधल्या अंतराकडे.

“जानेवारीत किती वाजता ठेवतं क्लास?”

“सकाळी साडेसहाला एक तुकडी. मुलांना साडेआठची शाळा असते.”

“साडेसहाले मी वंदना घेतो या खोलीत.”

ते खरं होतं. निवृत्तीनंतर त्यांचा तो नेम झाला होता, आई-बाबा दोघं बसत, आणि मी वेळ ठरवताना ते लक्षातच घेतलं नव्हतं.

“मग मी संध्याकाळी ठेवते,” मी म्हणाले.

बाबांनी हातानंच नको म्हटलं.

“कायले?” ते म्हणाले. “लेकराईले सकाळीच बरं असते. ताजे असतेत. मी वंदना साडेपाचले घेतो.” मग उठता उठता म्हणाले, “फक्त मले उठवजो.”